ग्राहक अनुत्तीर्ण

बनारसला दुर्गाघाटाच्या गल्लीत मालती बर्वे यांना मालती म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मुलींच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी संस्कृत शिकवण्यात घालवली. तिकडे शिक्षिकेला बहनजी म्हणतात, म्हणून शाळेत त्या बहनजी. मुली आसपासच्या गल्ल्यांतल्याच, त्यामुळे गल्लीतही बहनजी. पुढे त्या मुलींचे नवरे, सासवा, दूधवाला, नावाडी आणि पोस्टमन त्यांना बहनजी म्हणू लागले, आणि शेवटी त्यांचे यजमान अप्पा बर्वे हेसुद्धा "बहनजी, चहा झाला का?" असं विचारू लागले. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मुक्काम हलेपर्यंत तो अप्पांकडे फार विचित्र नजरेनं बघत होता.

मी रेल्वेच्या हिशेब खात्यात. भुसावळहून बनारसला बदली झाली आणि मराठी घर हवं म्हणून कुणीतरी मला त्यांच्याकडे पाठवलं. वरच्या मजल्यावरची एक खोली रिकामी होती. बहनजी दारातच उभ्या राहिल्या. नाव, गाव, नोकरी, पगार, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. "कुठून आलात?" एवढंच.

"भुसावळहून."

"हं. आधीचा आला होता तो म्हणे नागपूरवरून आलो. जसं काही नागपूरच्या गच्चीवरून उडी मारलीन. या आत."

खोली मला एका प्रत्ययावर मिळाली. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'भुसावळवाले' झालो.

त्यांच्या पर्समध्ये कायम एक लाल पेन असे. लग्नाच्या पत्रिकेत 'आर्शीवाद' छापलेला दिसला, की त्या त्यावर गोल करून, बाजूला शुद्ध लिहून, पत्रिका ज्याची त्याला परत पाठवत. मग लग्नाला मात्र जात, जेवत, आणि वधूवरांना शुद्ध आशीर्वाद देऊन येत. घाटावर नवीन पाटी लागली की बहनजी वाचून जाईपर्यंत पाटी लावणारा शिडी काढत नसे. पण त्यांचं खरं वैर होतं ते 'हो जाएगा' या दोन शब्दांशी. बनारस शहर या दोन शब्दांवर चालतं. नळ दुरुस्त करणारा, वीजवाला, कचेरीतला बाबू, सगळे मान डोलावून 'हो जाएगा' म्हणतात. बहनजी तिथेच पकडत. "हो जाएगा? अपने आप? वाक्य में कर्ता कहाँ है? कौन करेगा?" बिचारा नळवाला पाना हातात धरून कर्ता शोधत राही.

अप्पा याच्या अगदी उलट. रामघाटावरच्या वेदशाळेत शिकलेले, आणि ऋचा सोडून बाकी सगळं बोलणं त्यांनी बहनजींवर सोपवलेलं. ओटीवर बसून ते टकळीवर सूत काढत आणि जानवी करत. त्यांच्या बाजूला चंपाबाई आणि गल्लीतल्या आणखी काही बायका कापसाच्या वाती वळत. समईच्या लांब वाती, निरांजनातल्या फुलवाती, देवाला घालायची कापसाची गेजवस्त्रं. चंपाबाई बनारसचीच, पण मराठी घरांतून काम करून करून गेजवस्त्र इतक्या ठसक्यात म्हणायची की ऐकणाऱ्याला ती सदाशिव पेठेतली वाटावी. हा सगळा माल चौकातला एक व्यापारी घेई. एक दिवस त्यानं सांगितलं, आता नको, मशीनच्या वाती येतात.

"माताजी, मशीन की बत्ती सब एक जैसी होती है," तो म्हणाला.

"एक जैसी तो ईंट भी होती है," बहनजी म्हणाल्या. "जलाकर दिखाओ."

व्यापाऱ्यानं जाळून दाखवलं नाही, पण मालही घेतला नाही. ओटीवर वातींचे डबे एकावर एक चढू लागले. चंपाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. ती बोटांच्या अंदाजानं वळायची आणि ऑपरेशन पुढं ढकलायची. कार्तिकात गंगेवर दिवे सोडतात, आकाशदिवे लागतात, वातीला मागणी येते, तेव्हा कमाई होईल आणि मग डोळा करू, असा तिचा बेत. आता विकणारच कुठं, हा प्रश्न होता.

वेबसाइटची कल्पना रचनाची. रचना बहनजींची जुनी विद्यार्थिनी. विद्यापीठाच्या दाराशी लंका नावाची वस्ती आहे, तिथं तिचं छोटंसं ऑफिस होतं. साड्यांच्या, खेळण्यांच्या, लोणच्यांच्या दुकानांच्या साइट ती करून द्यायची. चार माणसं तिच्या हाताखाली कामाला होती, पण बहनजींच्या समोर आली की ती आपोआप ओढणी नीट करायची आणि उत्तर देताना उभी राहायची.

नावावरच पहिली चकमक झाली. रचनानं दोन-तीन सुटसुटीत नावं आणली होती. बहनजींनी ती लाल पेनानं खोडली आणि 'कार्पाससूत्रभांडार' असं ठेवलं. कापसाला संस्कृतात कार्पास म्हणतात, हे रचनाला पाठ होतं, कारण त्याच धड्यावर तिनं एकदा छडी खाल्ली होती. जगाला ते पाठ नव्हतं. लोक इंग्रजीत 'कार्पास' टाइप करायला लागले, की मोबाइल नम्रपणे विचारी, तुम्हाला कार्पेट म्हणायचंय का? आणि त्यांना थेट शेजारच्या भदोहीतल्या गालिच्यांच्या दुकानात नेऊन सोडी. सुरुवातीचे काही महिने आमच्या साइटमुळे भदोहीचा धंदा बरा चालला असावा.

तरी काही माणसं चिकाटीनं योग्य दारी पोचत. इंदूर, बडोदा, ठाणे, कुठून कुठून. पण साइटवर पैसे भरायची सोय नव्हती. माल निवडायचा, फोन नंबर टाकायचा, मग बहनजी स्वतः फोन करणार. हा फोन म्हणजे तोंडी परीक्षा असे.

"फुलवाती मागवल्यात. कशात लावणार?"

"समईत."

"समईत फुलवात? घरात मोठं कुणी आहे का? फोन द्या त्यांना."

बरेचसे ग्राहक इथंच गळत. रचनाकडे या गळतीचा आलेखच होता. ती एकदा तो घेऊन आली आणि धीर करून म्हणाली, "बहनजी, लोग सामान टोकरी में डालते हैं और चले जाते हैं. साइट पर ही पेमेंट ले लें, तो नहीं जाएँगे."

"जाऊ देत. ज्याला हवं तो परत येईल."

यावर ओटीवरून चंपाबाई म्हणाली, "हम लोग त परत नाहीं जा सकित, बहनजी. हम त इहैं बइठल हईं."

गिऱ्हाईक जाऊ शकतं, आम्ही कुठं जाणार, आम्ही इथंच बसलेल्या, एवढंच; चंपाबाई चिडून बोलली नव्हती. वात वळता वळता, खाली मान घालून म्हणाली. पण बहनजींनी रचनाच्या हातातला आलेख घेतला आणि तिला म्हणाल्या, "बैठो. बताओ, क्या-क्या लगेगा."

लागलं ते बरंच काही. इंटरनेटवरून पैसे घ्यायचे म्हणजे मध्ये एक कंपनी असते. ग्राहकाच्या बँकेतून पैसे घेऊन ती आपल्या बँकेत पोचवते, आणि हा प्रवास आपल्याला करू द्यावा की नाही, हे तीच ठरवते. रचनानं जी कंपनी गाठली तिचं कार्यालय दूर कुठल्यातरी शहरात काचेच्या इमारतीत होतं, आणि जगातली सगळी दुकानं काचेच्याच इमारतीत असतात अशी तिची समजूत होती.

पहिला प्रश्न पत्त्याचा. जुन्या बनारसमध्ये घराच्या नंबरात एक अक्षर असतं, मग आकडा, मग तिरकी रेघ, मग पुन्हा आकडा. कंपनीच्या फॉर्मला तिरकी रेघ चालेना. लाल अक्षरांत सूचना येई, विशेष चिन्हं वापरू नका. बहनजी म्हणाल्या, "रेघ काढून टाक." रेघ काढल्यावर घर दुसऱ्याच मोहल्ल्यात एका हलवायाच्या नावावर निघालं. रेघेच्या जागी शब्द लिहिला, तर आधार कार्डाशी जुळेना. शेवटी कंपनीच्या माणसानं फोनवर सुचवलं, "मैडम, आप कोई दूसरा पता दे दीजिए जिसमें रेखा न हो."

"बेटा," बहनजी म्हणाल्या, "हे घर तुझ्या कंपनीच्या पणजोबाच्या आधीपासून इथं आहे. रेघेसकट." रागाच्या भरात त्या मराठीत बोलल्या होत्या. समोरचा म्हणाला, "जी, नोट कर लिया." आणि काय चमत्कार, दुसऱ्या दिवशी पत्ता मंजूर झाला. त्यानं नेमकं काय नोट केलं, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

मग फोटो. दुकानाचा समोरून फोटो हवा, पाटी पूर्ण दिसायला हवी, पुढचा रस्ता दिसायला हवा. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली, तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागते. पाटीसमोर उभं राहून फोटो काढला, तर पाटीवर फक्त 'पास' येई. रचना खूश होती, निदान पास तरी आलं. शेवटी समोरच्या घरातल्या माजघरात शिरून, त्यांच्या खिडकीतून, पडदा बाजूला धरून फोटो काढला. त्यात पाटी पूर्ण आली, अप्पा आले, आणि रस्ता म्हणून जो दाखवायचा होता त्यावर एक सांड आडवा उभा आला. कंपनीनं विचारलं, हा प्राणी व्यवसायाचा भाग आहे का?

मग 'व्यवसायाचा प्रकार' आला. यादीत शेकडो प्रकार होते, पण जानवं नव्हतं. रचनानं 'वस्त्रप्रावरणे' निवडलं. लगेच प्रश्न आला, साइज कोणते उपलब्ध आहेत? अप्पांना विचारलं. त्यांनी टकळी थांबवून बराच विचार केला आणि म्हणाले, "धारण करणाऱ्यावर आहे." रचनानं ते 'फ्री साइज' असं भरलं.

सगळ्यात मोठा अडथळा मात्र बहनजींनी स्वतः उभा केला. साइटवर नियमांची पानं हवीत, असा कंपनीचा आग्रह होता. माल परत घेण्याचे नियम, ग्राहकांच्या माहितीच्या गोपनीयतेचे नियम वगैरे. रचना म्हणाली, ही पानं सगळे इकडून तिकडून उतरवतात. 'उतरवतात' हा शब्द शिक्षिकेसमोर उच्चारण्याजोगा नव्हता. बहनजींनी ती पानं स्वतः लिहिली. माल परत घेण्याच्या पानावर होतं, 'धारण केलेलं जानवं परत घेतलं जाणार नाही. पेटवलेली वात परत घेतली जाणार नाही. विकत घेण्याआधी विचार करायची सवय लावावी.' गोपनीयतेच्या पानावर होतं, 'आपली माहिती आम्ही कुणालाही देणार नाही. आपल्या मातोश्रींनी विचारल्यास मात्र खोटं बोलणार नाही.' कंपनीनं हे पान तीनदा परत पाठवलं आणि बहनजींनी तीनदा व्याकरण तपासून तेच पुन्हा पाठवलं. चौथ्यांदा मंजूर झालं. तिकडे कुणीतरी थकलं असणार.

साइटवर बटण बसलं. ते नीट चालतं का हे पाहायला रचनानं लंकेवरून एक खोटी ऑर्डर टाकली. नाव 'टेस्ट टेस्ट', पत्ता 'अबक', फोनच्या जागी नुसते नऊ. संगणक म्हणाला, पैसे मिळाले. बहनजींनी ताबडतोब फोन लावला, तो लागला नाही. पण पैसे दिलेल्या माणसाला तिष्ठत ठेवणं त्यांना पटेना. त्यांनी जानव्यांचा जोड आणि समईच्या वाती नीट बांधून श्री. टेस्ट यांना पोस्टानं पाठवल्या. पोस्टमन पार्सल परत घेऊन आला तेव्हा त्याच्यावरच उखडल्या, "पत्ता अपूर्ण आहे म्हणता? शोधायचं दिमाग नको?" रचनानं खरा प्रकार सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "खोटी परीक्षा घेतलीस ती घेतलीस, वर खोटं नाव? पुढच्या वेळी स्वतःचं नाव घालून बस परीक्षेला."

भाद्रपदात खरे पैसे यायला लागले. नवरात्राच्या तोंडावर तर चांगलेच येऊ लागले. मोबाइल टिंग वाजला, की ओटीवरच्या बायका माना वर करत. डबे रिकामे होऊ लागले. चंपाबाईनं डोळ्याच्या डॉक्टरांकडून कार्तिक संपल्यावरची तारीख घेऊन ठेवली.

आणि नेमकं याच सुमाराला बहनजींना 'रिफंड' हे बटण सापडलं.

पैसे आधी येतात, त्यामुळे आता परीक्षा राहणार नाही, अशी आमची समजूत होती. पण पैसे आल्यावरही त्या फोन करतच होत्या, आणि आता तर त्यांच्या हातात निकाल लावायची सोय आली होती. कुणी म्हणालं, फुलवाती टेबलावर सजावटीला हव्यात, की रिफंड. कुणी म्हणालं, जानवं सत्यनारायणापुरतं, नंतर काढून ठेवणार, की रिफंड. पैसे परत करताना कंपनी कारण विचारी. बहनजी तिथं टाइप करत, 'ग्राहक अनुत्तीर्ण'. जरा आशा वाटली तर, 'पुनर्परीक्षेस पात्र'. नाशिकच्या एका बाईंना त्यांनी विचारलं, "तुमचे यजमान काय करतात जानव्याचं?" त्या बाई म्हणाल्या, "कपाटाची किल्ली अडकवतात." आम्ही म्हटलं, गेली ही. पण बहनजींनी तिला पास केलं. "खरं बोलली," त्या म्हणाल्या. "आणि रोज घालतो म्हणजे."

रचनानं एकदा मला जिन्यात गाठलं. "भैया, आप बोलिए न उनसे. इतने रिफंड ठीक नहीं हैं." मी म्हटलं, तू त्यांची विद्यार्थिनी, तू बोल. ती म्हणाली, विद्यार्थिनी आहे म्हणूनच. आम्ही दोघंही बोललो नाही.

दिवाळीच्या आधी कार्तिकाच्या ऑर्डरी एकदम आल्या. एवढ्या आल्या की बायका जेवायलाही घरी जाईनात. सगळा माल पोस्टात पडला, आणि दुसऱ्याच सकाळी मोबाइलवर एक संदेश आला. बहनजींनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला. "आपका खाता असामान्य गतिविधि के कारण पकड़ पर रखा गया है." वाचून झाल्यावर त्या संतापल्या. "पकड़ पर? ही काय कुस्ती आहे? कुणी लिहिलं हे हिंदी?" त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. मोबाइलच्या काचेवर काही लिहिता येत नाही हे लक्षात आल्यावर हात मध्येच थांबला, आणि मग संदेशाचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला.

रचनानं फोनवर समजावलं. एवढे पैसे घेऊन एवढे परत करणारं दुकान कंपनीला संशयास्पद वाटतं. अशी दुकानं खोटी असतात, काळा पैसा फिरवतात. म्हणून चौकशी संपेपर्यंत सगळे पैसे कंपनीकडेच अडकून राहणार. कार्तिकाचे सगळे.

अप्पा ओटीवर होते. टकळी त्यांनी खाली ठेवली. मी त्या घरात राहिलो त्या सगळ्या काळात त्यांनी बहनजींना सुनावलेलं वाक्य मला एकच आठवतं, ते हे. आवाज न चढवता ते म्हणाले, "अहो, लोकांनी पैसे दिले होते. परीक्षेला बसले नव्हते ते."

बहनजी उठल्या. आत गेल्या. 

दुपारी चंपाबाई आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण गल्लीत सांगायला लागतच नाही. ती आपल्या जागेवर बसली, कापसाचा पेळू चाचपून घेतला आणि म्हणाली, "का बहनजी, सुनली ह कि पइसा मशीन में अटक गइल?"

"हो जाएगा," बहनजी म्हणाल्या.

अप्पांनी मान वर केली. मीही केली. त्या शब्दांनी बहनजी स्वतःच दचकल्या असाव्यात. त्या पुढं आल्या, चंपाबाईच्या समोर उकिडव्या बसल्या आणि तिला नीट दिसावं म्हणून तोंड जवळ नेऊन म्हणाल्या, "मैं करूँगी."

मग त्यांनी कंपनीला फोन करायला सुरुवात केली. आधी एक यंत्र बोलायचं, मग संगीत लागायचं, मग एक मुलगा यायचा आणि तो दुसऱ्या मुलाकडे सोपवायचा. बहनजींनी एकाचीही वाक्यरचना सुधारली नाही. शेवटी सांगण्यात आलं, तुमची ओळख नव्यानं पटवावी लागेल. व्हिडिओवर. अधिकारी विचारतील त्याची उत्तरं द्या.

घरात व्हिडिओपुरतं नेटवर्क मिळत नाही. ते फक्त छतावर मिळतं, आणि छतावर माकडं असतात. म्हणून ठरल्या वेळी बहनजी छतावर खुर्चीत, इस्त्रीच्या साडीत, मोबाइल समोर विटांच्या आधारानं उभा केलेला. अप्पा काठी घेऊन पहाऱ्यावर. रचना लंकेवरून धावत आलेली, मी अर्धी रजा टाकून. जिन्याच्या दारात चंपाबाई आणि बाकीच्या बायका.

पडद्यावर एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, मागे निळी भिंत. याच्या आईनं तरी बहनजींच्या शाळेत एक वर्ष काढलेलं असायला हवं होतं, असं मला वाटून गेलं.

"मैडम, आपके पीछे कोई है. फ्रेम में दूसरा व्यक्ति नहीं होना चाहिए."

बहनजींनी मागं पाहिलं. "वह व्यक्ति नहीं है. बंदर है."

अप्पांनी काठी आपटली. माकड शेजारच्या छतावर गेलं आणि तिथून मुलाखत पाहू लागलं.

"मैडम, रिफंड के कारण में आपने बार-बार लिखा है, ग्राहक अनुत्तीर्ण. इसका क्या मतलब है?"

आता त्या त्याला अनुत्तीर्ण या शब्दाची फोड करून सांगतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. बहनजींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ग्राहक का कोई दोष नहीं था," त्या म्हणाल्या. "मेरी गलती है. मैं दुकान को स्कूल समझ बैठी." मग जरा थांबून, "सामान बनानेवाली ये औरतें हैं. इनकी मेहनत है इसमें. मेरा कुछ नहीं है."

तो काहीतरी टाइप करत होता. "ठीक है मैडम. अब पहचान के लिए, दाईं ओर देखिए."

बहनजींनी उजवीकडे पाहिलं.

"बाईं ओर."

डावीकडे पाहिलं.

"पलकें झपकाइए."

त्या बाईसमोर अख्ख्या शाळेच्या मुलींनी पापणी लववली नव्हती. बहनजींनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले, अगदी आज्ञेबरहुकूम.

"अब मुस्कुराइए."

हे मात्र अवघड होतं. त्यांना हसायचं नव्हतं असं नाही, पण हुकमानं हसायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना खरंच माहीत नसावं. त्यांनी ओठ ताणले. पडद्यावरचा तरुण म्हणाला, "मैडम, सिस्टम नहीं ले रहा." पुन्हा ताणले. "थोड़ा और." रचना रडवेली झाली होती. शेजारच्या छतावरून माकडानं दात दाखवले. त्याचं मात्र सिस्टमनं घेतलं असतं.

तेवढ्यात जिन्याच्या दारातून चंपाबाई, जिला मोबाइल दिसत नव्हता आणि कोण काय म्हणतंय हेही नीट कळत नव्हतं, मोठ्यानं म्हणाली, "ई लइका बहनजी के काहे डाँटत हौ? एकर महतारी के फोन लगावा त!"

याच्या आईला फोन लावा म्हणे! आणि बहनजी हसल्या. खरंखुरं, दात दिसतील असं, खांदे हलवत. हसताना त्या किती लहान दिसतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. रचना तर बघतच राहिली. तिनं वर्षानुवर्षं वर्गात ज्याची वाट पाहिली असेल, ते तिला एका कंपनीच्या कृपेनं छतावर बघायला मिळालं.

"हो गया मैडम," तरुण म्हणाला. "धन्यवाद."

पैसे लगेच सुटले नाहीत. चौकशी, मग वरिष्ठांची चौकशी. कार्तिकी पौर्णिमेला तिकडची देवदिवाळी आली, सगळ्या घाटांवर दिवे लागले. बायकांनी त्या संध्याकाळी आपल्याच वाती लावल्या आणि एकमेकींकडे कुणी फारसं पाहिलं नाही. बहनजी दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर मोबाइल हातात धरून बसल्या होत्या. मार्गशीर्ष लागल्यावर एका सकाळी तो वाजला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चप्पल न घालताच चंपाबाईच्या घराकडे निघाल्या. संदेशातल्या हिंदीबद्दल काही बोलल्या नाहीत.

चंपाबाईचा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर तिनं ओटीवर येऊन पहिल्यांदा बाकीच्या बायकांच्या वाती उजेडात धरून पाहिल्या आणि निम्म्या नापास केल्या. रिफंडचं बटण अप्पांनी आपल्याकडे मागून घेतलं. ते कसं दाबायचं हे त्यांनी रचनाला कधी विचारलं नाही, त्यामुळे ते फार सुरक्षित राहिलं. बहनजी मात्र फोन करतच राहिल्या, फक्त आता माल पोस्टात पडल्यावर. ग्राहक कंटाळून फोन ठेवत. काही ठेवत नसत. बडोद्याचे एक गृहस्थ दर आठवड्याला स्वतःहून फोन करून संस्कृतातले संधी सोडवून घेत, असं मी ऐकलं.

वैशाखात माझी बदली झाली. सामान फार नव्हतं. गल्लीतून रिक्षा येत नाही, म्हणून स्टेशनाजवळच्या राजघाटापर्यंत नावेनंच जायचं ठरवलं. अप्पांनी जानव्यांचा जोड हातात ठेवला. बहनजी घाटापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला. "पत्र लिहा," त्या म्हणाल्या, "मोबाइलवर नको. मोबाइलवर तुम्ही लोक फार भयंकर लिहिता."

नाव पाण्यात लोटली गेली. मी हात हलवला, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. खालच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर कुणी एक परदेशी मुलगी फोटो काढत काढत पाण्याकडे सरकत होती. बहनजी तरातरा उतरल्या. त्यांनी तिचं मनगट पकडलं आणि बोलायला सुरुवात केली. बोट लांब जात होती, शब्द कळत नव्हते. हिंदी होतं की संस्कृत, देव जाणे. मुलगी गोंधळून मान हलवत होती. बहनजी तिला एकेक पायरी वर चढवत होत्या, दुसऱ्या हातानं पायरी दाखवून काहीतरी बजावत होत्या, आणि वरच्या कोरड्या पायरीवर पोचल्यावरसुद्धा त्यांनी ते मनगट सोडलेलं मला दिसलं नाही.